गतीला पडलेल्या टाळ्या : दक्षिण कोकणातील एका पखवाजवादकाचे प्रकरण

हे प्रकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका तरुण पखवाजवादकाचे आहे. त्याचे नाव, गाव, घटनांची वर्षे आणि तो ज्यांच्या साथीला बसत असे त्या बुवांची नावे येथे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण आमच्याकडे दोन तपशील जुळले की तिसरा माणूस नाव सांगून मोकळा होतो. लिखाण त्याने स्वतः वाचले आहे. दोन ठिकाणची वाक्ये त्याने काढायला लावली आणि एका ठिकाणी मी सौम्य केलेले वाक्य पुन्हा होते तसे करायला लावले. मी समाजसेवा अधीक्षक (मनोविकृती) या पदावरून निवृत्त झालो आणि आता वाडीच्या भजन मंडळात पेटी वाजवतो. तो माझा रुग्ण कधीच नव्हता, शेजारचा मुलगा होता, आणि नेमके तेच नडले. रुग्ण म्हणून समोर बसला असता तर पहिल्या दहा मिनिटांत मी जे विचारले असते, ते शेजारी म्हणून मी कित्येक महिने विचारले नाही.

पार्श्वभूमी

वडील मुंबईला गोदीत कामाला होते. तो नऊ वर्षांचा असताना ते वारले. आई काजूच्या कारखान्यात बिया सोलायला जाते. एक चुलते डोंबिवलीला. वडिलांकडील एक आत्या आयुष्याची बरीच वर्षे घराच्या मागच्या खोलीत होती; तिच्याविषयी घरात कोणी बोलत नसे, आणि बोलले तर ‘तिका लागीर झालेला’ एवढेच. ही माहिती मला त्याच्या जन्माआधीपासून होती. ज्याला आज द्विध्रुवी विकार म्हणतात, म्हणजे काही काळ मन अतोनात उधाणलेले आणि काही काळ तितकेच खाली गेलेले, तो आजार रक्ताच्या नात्यांत इतरांपेक्षा अधिक आढळतो, हे मी नोकरीत असताना शेकडो घरांतून समजावून सांगितले असेल.

पखवाज तो देवळात शिकला. मंडळाचा एक जुना, वाद्या सैल झालेला पखवाज होता आणि तो वाजवणारे एक म्हातारे गृहस्थ होते. मुलगा शाळा सुटल्यावर त्यांच्यासमोर बसे. त्यांनी त्याला बोल शिकवण्याआधी कणीक मळायला शिकवली. पखवाजाच्या डाव्या तोंडावर गव्हाची ओली कणीक थापावी लागते, तिच्यावाचून तो खर्जाचा घुमारा येत नाही. ती पातळ झाली तर आवाज बसतो, घट्ट झाली तर वाजवता वाजवता सुटते, आणि पावसाळ्यात हवेतल्या ओलीमुळे तिचा अंदाज रोज बदलतो. हा मुलगा बारा वर्षांचा असताना कणकेला बोट लावून ‘आणखी दोन थेंब’ म्हणत असे आणि ते दोनच थेंब लागत.

त्याचा खरा गुण साथीत होता. विलंबित लयीत बुवा अभंगाचा चरण उलगडत असताना तो ठेका इतका मोकळा ठेवी की गायकाला श्वास घ्यायला जागा मिळे, आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना डाव्या हाताचा एकच घुमारा असा टाकी की सगळी बारी (भजनाची मैफल) सावरून बसे. पेटीवर बसून मी बऱ्याच पखवाजवाल्यांची साथ ऐकली आहे. न वाजवण्याची जागा इतक्या लहान वयात कळलेला दुसरा मुलगा मी पाहिला नाही.

सतराव्या वर्षी तो चार महिने घरात पडून होता. अंघोळ नाही, बोलणे नाही, पखवाजाला हात नाही. बारावीचे वर्ष बुडाले. गावाने त्याला आळशी म्हटले, आईने देवाला गाऱ्हाणे घातले, आणि पावसाळा संपल्यावर तो आपोआप उठला, म्हणून गाऱ्हाण्याला यश आल्याचे ठरले. त्यानंतर तो गॅरेजमध्ये लागला आणि आंब्याच्या हंगामात पेट्या भरायच्या कामाला जाऊ लागला.

अकरा रात्री

ज्या गणपतीत तो प्रसिद्ध झाला, तेव्हा तो बावीस-तेवीस वर्षांचा होता. आमच्याकडे घरोघरी गणपती असतो आणि भजन मंडळ एका घरातून दुसऱ्या घरात असे रात्रभर फिरते. प्रत्येक घरी आरत्या, दोन-तीन अभंग, एखादी गौळण, मग गजर, आणि मग काळ्या वाटाण्याची उसळ नाहीतर करंज्या व चहा. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत सगळ्यांचे गळे बसलेले असतात आणि डोळे तांबारलेले. त्या वर्षी मात्र हा मुलगा दिवसागणिक अधिकच तरतरीत होत गेला. पहाटे आम्ही घरी येऊन आडवे झालो की त्याच्या पडवीतून पखवाज ऐकू येई. सकाळी आठला तो वाडीतल्या मुलांना शिकवत असे, दुपारी दुसऱ्या गावात जाऊन येई आणि संध्याकाळी पुन्हा सगळ्यांच्या आधी तयार. ‘काकानू, माका झोपेची गरजच लागना नाय,’ असे त्याने मला हसत सांगितले. बोलणे भराभर होत होते, एका विषयातून दुसऱ्यात उडी मारत होते, आणि त्या आठवड्यात त्याने उधारीवर तीन पखवाज मागवले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आणि कानांनी ऐकले.

नवव्या रात्री एका मोठ्या घरी गजर रंगला. त्याने लय दुगुणीतून चौगुणीत नेली, तिथून लग्गीत, म्हणजे बोलांच्या जलद सरबत्तीत, आणि झांजवाल्यांना धाप लागेपर्यंत ती सोडली नाही. डोक्यावरचे केस ओले, डोळे मिटलेले, ओठांवर हसू. मुंबईहून आलेल्या एका तरुणाने मोबाइलवर ते टिपले आणि त्यातले चाळीस-पंचेचाळीस सेकंद समाजमाध्यमांवर टाकले. विसर्जनापर्यंत ती क्लिप लाखो लोकांनी पाहिली होती. ‘अंगात देव संचारला’, ‘ही खरी साधना’, ‘असा पखवाज शतकात एकदा’ असे त्याखाली लिहून येत होते. मीही ती क्लिप माझ्या दोन भाच्यांना पाठवली आणि खाली ‘आमच्या वाडीतला’ असे अभिमानाने लिहिले.

या प्रकरणात मला मुख्यतः जे सांगायचे आहे ते येथेच आहे. प्रसिद्धी त्याच्या आजारानंतर आली नाही आणि आधीही आली नाही. ती आजारालाच मिळाली. झोप उडणे, थकवा न जाणवणे, विचारांचा आणि हातांचा वेग वाढणे, आपल्यावर दैवी कृपा आहे असे वाटणे ही उन्मादावस्थेची, म्हणजे मन उधाणण्याच्या टप्प्याची लक्षणे आहेत आणि ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडतात. लोकांनी त्यातील प्रत्येक लक्षणाला गुणाचे नाव दिले. निद्रानाश साधना झाला, अस्वस्थता तळमळ झाली आणि उधळपट्टी दिलदारपणा. ज्या मुलाची चार महिन्यांची मरगळ आळस ठरली होती त्याचे उधाण प्रतिभा ठरले, आणि दोन्ही वेळा त्याची झोप कशी आहे हे त्याला विचारणारा कोणी नव्हता.

धंदा

पुढचे सहा-सात महिने मी थोडक्यात सांगतो, कारण ते आता अनेक घरांना परिचयाचे आहेत. डोंबिवलीच्या काकांनी सुपाऱ्या घ्यायला सुरुवात केली. एका चॅनेलशी कागद झाला. तो आईला वाचून दाखवला गेला नाही आणि मुलाने वाचायची तसदी घेतली नाही. डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या भजनसामन्याच्या, जाहिरातीत दोन्ही बुवांच्या नावांइतक्या मोठ्या अक्षरांत पखवाजवाल्याचे नाव येऊ लागले, ही आमच्याकडे नवलाची गोष्ट होती, आणि बुवा लोकांना ती मानवली नाही हेही साहजिक. कार्यक्रम रात्री दहाला सुरू होऊन दोन-तीनला संपणार, मग गाडी, मग दुसऱ्या तालुक्यात मुलाखत, मग पुन्हा कार्यक्रम. ज्या मेंदूला झोपेच्या वेळा बिघडल्या की उधाण येते, त्याच्यासाठी याहून वाईट दिनक्रम ठरवून आखता आला नसता.

येथे वादनाविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण बातम्यांत ते कुठेच आले नाही. चॅनेलवाले तीन तासांच्या बारीतून अर्धा-पाऊण मिनिट कापून घेत, आणि कापलेला तो तुकडा नेहमी सर्वात वेगवान असे. संथ लय छोट्या चित्रफितीत टिकत नाही, कारण तिथे घडणारी गोष्ट म्हणजे पुढे येणाऱ्या समेची वाट पाहणे, आणि वाट पाहायला बोटाने पडदा सरकवणाऱ्या माणसाकडे वेळ नसतो. परिणाम असा झाला की थोड्याच महिन्यांत तो स्वतःच्याच चित्रफितींसारखा वाजवू लागला. अभंगाच्या पहिल्या चरणापासून तो लय ओढू लागला. बुवा तान घेत असताना मध्येच लग्गी टाकू लागला, कारण समोर मोबाइल वर झालेले दिसत. एकदा बारी संपल्यावर एका ज्येष्ठ बुवांनी त्याला शांतपणे सांगितले की तू आता साथ करीत नाहीस, गायकावर स्वार होतोस. त्याने ते हसण्यावारी नेले. त्याला तसे सांगणारे ते शेवटचे गृहस्थ. त्यानंतर त्याच्याभोवती जे होते त्या प्रत्येकाचा त्याच्या वेगात काही ना काही वाटा होता.

फाल्गुनात एका देवळातील कार्यक्रमात त्याने पखवाज बाजूला ठेवला, उभा राहिला आणि देव आपल्या तोंडून बोलत आहे असे सांगून सुमारे अर्धा तास बोलत राहिला. काही बायकांनी पुढे येऊन ओटी भरायची तयारी केली. अवसार येणे, म्हणजे अंगात देव येणे, ही आमच्या गावऱ्हाटीतली (गावाच्या देवकार्याच्या रूढीतली) मान्य गोष्ट आहे, तिची जागा, वेळ आणि मानकरी ठरलेले असतात. म्हणून गावातल्या जाणत्या माणसांनीच प्रथम ओळखले की हा तो प्रकार नव्हे. तेही चित्रित झाले आणि तेही पसरले. दुसऱ्या दिवशी तो काकांच्या अंगावर धावून गेल्यावर आई माझ्या दारात आली. ती म्हणाली, ‘झिलाचा नाव झाला, पण झील खंय गेलो माझो?’ मग मी जे करायला हवे होते ते केले. सहा महिने उशिरा.

औषध आणि हात

मनोविकारतज्ज्ञांनी द्विध्रुवी विकाराचे निदान करून इतर औषधांबरोबर लिथियम सुरू केले. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी 1949 मध्ये उन्मादावर त्याचा उपयोग प्रसिद्ध केल्यापासून या आजारातील ते सर्वात भरवशाच्या औषधांपैकी एक राहिले आहे. मात्र त्याची उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यात अंतर कमी असते. रक्तातील पातळी साधारणपणे लिटरला 0.6 ते 1 मिलिमोलच्या आसपास ठेवतात, 1.5 च्या वर धोका सुरू होतो. म्हणून शेवटच्या गोळीनंतर सुमारे बारा तासांनी रक्त देऊन ती तपासत राहावे लागते. शरीरातील पाणी किंवा मीठ कमी झाले की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवते आणि पातळी चढते.

दीड महिन्यात त्याची झोप सहा-सात तासांवर आली आणि बोलणे ताळ्यावर आले. पण लिथियमचा एक नेहमीचा दुष्परिणाम म्हणजे हातांना येणारा बारीक कंप. कारकुनाला किंवा शेतकऱ्याला तो चालून जातो. पखवाजवाल्याच्या उजव्या हाताला, जिथे शाईच्या कडेवर बोटाच्या पेराचा फरक पडला तरी बोल बदलतो, तो चालत नाही. ‘काकानू, हात रवणा नाय,’ असे म्हणून त्याने चहाचा कप माझ्यासमोर धरला होता. बशीत कप वाजत होता, अगदी हळू. तो वेळेवर डॉक्टरांकडे गेला असता तर मात्रा कमी करून पाहता आली असती, प्रोप्रॅनोलॉलसारखे औषध देऊन कंप आटोक्यात आणता आला असता, गरज पडली तर औषधही बदलता आले असते. परंतु मे महिन्याच्या सुपाऱ्या घेतलेल्या होत्या, चाकरमानी गावी येणार होते आणि त्याच्या आजाराची बातमी बाहेर जाऊ नये म्हणून काकांनी दवाखान्याच्या फेऱ्याच थांबवल्या होत्या. कंपामुळे मनगट आवळून वाजवण्याची सवय लागली आणि मनगट दुखू लागले. गावच्या मेडिकलमधून त्याने वेदनाशामक गोळ्या आणल्या. इबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या लिथियम शरीराबाहेर पडण्याचा वेग कमी करतात. त्याला तसे सांगण्यात आले नव्हते.

ती क्लिप

एका देवस्थानाचा वर्धापनदिन होता. दिवसभर त्याचा उपास, मांडवात पत्र्याखाली मे महिन्याचा उकाडा, घामाने सदरा भिजलेला, दोन दिवस वेदनाशामक गोळ्या चालू आणि नेहमीच्या लिथियमच्या गोळ्याही. सकाळपासून त्याला उलट्या होत होत्या. रात्री साडेदहाला तो मंचावर चढताना अडखळला. गजरात त्याचा हात दोनदा सम चुकला, बुवांनी वळून पाहिले, तेव्हा तो माइकवर काहीतरी बोलला आणि शब्द जड, ओढल्यासारखे आले. मग तो उठायला गेला आणि झांजवाल्याच्या अंगावर कलंडला.

हाताचा मोठा कंप, अडखळती चाल, जड जीभ, उलट्या. लिथियमच्या विषबाधेची ही चित्रे आहेत. त्याच वेळी दारू प्यालेला माणूसही असाच दिसतो, हेही खरे. तासाभरात चित्रफीत बाहेर पडली आणि तिच्या मथळ्यात ‘दारूच्या नशेत’ असे शब्द होते. ज्यांनी ती टाकली त्यांनी मंडपातल्या कोणालाही विचारले नव्हते. विचारले असते तर कळले असते की त्याला पाण्यासारखे लघवीला होत होते, तो दिवसभर काही खाल्लेला नव्हता आणि त्याच्या तोंडाला दारूचा वास नव्हता. मथळा पडल्यामुळे एक प्रत्यक्ष नुकसान झाले, आणि ते बदनामीपेक्षा मोठे होते: त्याला ज्या खोलीत नेऊन झोपवले तिथे लोकांनी ‘उतरेल सकाळपर्यंत’ म्हणून त्याला तसाच पडू दिला. पहाटे आईने हट्टाने गाडी करून रुग्णालयात नेला. रक्तातील लिथियम धोक्याच्या रेषेच्या बरेच वर होते. सलाइन लावले, औषध थांबवले, आणि मूत्रपिंडे वाचली.

तीन आठवड्यांत उरलेल्या सुपाऱ्या रद्द झाल्या. एक मंडळ आगाऊ रक्कम मागायला घरी आले. खुलासा द्यावा, असे मी सुचवले; काकांनी विचारले की खुलाशात काय लिहू, दारू नव्हती, वेडाची गोळी होती? मला त्यावर उत्तर सुचले नाही. आमच्या बाजूला ‘रत्नागिरीक न्हेलो’, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, एवढे म्हटले तरी त्या घराची सोयरीक अडते. दारुड्या म्हणून ओळख चालते. ती सुटण्यासारखी मानतात.

इंग्लंडची गायिका एमी वाइनहाउस हिची गोष्ट या ठिकाणी मला नेहमी आठवते. व्यसनमुक्तीसाठी जायला नकार देणारे गाणे हेच तिचे सर्वात गाजलेले गाणे होते, आणि 2008 मध्ये तिला मिळालेल्या पाच ग्रॅमी पुरस्कारांपैकी काही त्याच गाण्याचे. म्हणजे तिच्या दुखण्यालाच जगाने डोक्यावर घेतले होते. 18 जून 2011 रोजी बेलग्रेडच्या कार्यक्रमात तिला धड उभे राहता येत नव्हते, शब्द आठवत नव्हते. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि ते दृश्य जगभर दाखवले गेले. पाच आठवड्यांनी, 23 जुलैला, ती लंडनमधील घरी मृतावस्थेत सापडली. वय 27, कारण दारूची विषबाधा. तिच्या बाबतीत दारू खरी होती, आमच्या मुलाच्या बाबतीत नव्हती. कॅमेऱ्याला हा फरक कळत नाही आणि त्याला तो कळण्याची गरजही वाटली नाही, एवढेच दोन्हीकडे सारखे.

प्रतिभा आणि वेड यांचे नाते असतेच, असे सांगणाऱ्यांनी आपल्याकडचे एक उदाहरण पाहावे. कुमार गंधर्व बालवयातच देशभर गाजले होते. ऐन तारुण्यात त्यांना क्षय झाला, 1948 च्या सुरुवातीला ते देवासला जाऊन राहिले आणि जवळपास पाच वर्षे गाऊ शकले नाहीत. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्याचे लोकसंगीत ऐकले, आणि त्यांचे पुढचे गाणे त्या ऐकण्यातून उभे राहिले. क्षय आणि मनोविकार यांची तुलना मी करीत नाही. मला त्या वर्षांतली एकच गोष्ट मोलाची वाटते: गाजलेला मुलगा आता गात नाही, याचे रोजचे चित्रण करणारे त्याच्या खाटेशेजारी कोणी नव्हते.

त्यानंतरचा पावसाळा

रुग्णालयातून आल्यावर त्याने सगळी औषधे बंद केली. त्याचे म्हणणे सरळ होते: गोळ्यांनी हात गेला, हात गेल्याने नाव गेले. श्रावणात तो सतराव्या वर्षी पडला होता तसा पडला. फरक इतकाच की तेव्हा हातात मोबाइल नव्हता. आता तो पांघरुणात दिवसरात्र एकामागून एक दोनच चित्रफिती पाही. पहिली गणपतीतली आणि दुसरी मांडवातली. आई सांगते, आतून पखवाजाचा आवाज आला की तिला क्षणभर बरे वाटे आणि मग लक्षात येई की तो मोबाइलमधला आहे.

भाद्रपदाच्या सुरुवातीला एका रात्री त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. त्या रात्रीचा तपशील मी लिहिणार नाही. भारतीय वृत्तपत्र परिषदेने 2019 मध्ये स्वीकारलेल्या मार्गदर्शक सूचनांतही पद्धत, जागा आणि छायाचित्रे देऊ नयेत, मथळे भडक करू नयेत, असेच सांगितले आहे. त्याचे कारण असे की तसा तपशील त्याच टोकावर उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाला वाट दाखवतो. एका स्थानिक बातमीत मात्र सगळे होते. जागेचे छायाचित्रही होते.

चार दिवसांनी एक तरुण वार्ताहर वॉर्डात शिरून त्याचा खाटेवरचा फोटो घेऊन गेला, ‘पुनरागमनाची प्रेरणादायी कथा’ करायची म्हणून. आईने होकार दिला होता, असे तो नंतर म्हणाला, आणि तिने दिलाही असेल. हातात माइक घेतलेल्या माणसाला नाही म्हणायचे तिला कोणी शिकवले नव्हते. परंतु मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 याच्या कलम 24 प्रमाणे उपचार घेत असलेल्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती माध्यमांना द्यायची तर संमती त्या व्यक्तीची स्वतःची लागते. त्याच कायद्याच्या कलम 115 नुसार जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्यावर खटला चालवण्याऐवजी तिच्या उपचारांची जबाबदारी शासनावर येते. मी ही दोन्ही कलमे छापून त्या कार्यालयात नेऊन दिली. फोटो उतरवला गेला. तेवढ्या वेळात तो जिथे पोचायचा तिथे पोचला होता.

मला त्या वार्ताहराचा राग आला नाही, असे म्हटले तर खोटे होईल. पण त्याच्याहून अधिक राग ‘प्रेरणादायी’ या शब्दाचा आला. पडलेल्या माणसाने लवकर उठावे, आणि उठताना पुन्हा कॅमेऱ्यासमोर उठावे, अशी त्यात घाई असते. पहिल्या क्लिपने त्याला थांबू दिले नाही, दुसरीने त्याला आजारी असू दिले नाही, आणि आता तिसरी त्याला बरे होण्याची मुदत घालत होती. हे लिहीत असताना मीही चौथी क्लिपच काढतो आहे का, हा प्रश्न मी त्याला विचारला. तो म्हणाला, ‘तुमच्यात आवाज नाय, काकानू,’ आणि हसला.

सध्याची स्थिती

औषध पुन्हा सुरू होऊन आता बराच काळ झाला. मात्रा कमी आहे, कंपासाठी वेगळी गोळी आहे, वेदनाशामक काय घ्यायचे नाही याची चिठ्ठी गावच्या मेडिकलमध्ये आणि घरच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे. रक्ताचा नमुना कोल्हापूरला जातो आणि निकाल यायला काही दिवस लागतात, ही अडचण कायम आहे. जवळ कोणी नसेल तेव्हा फोन करायला शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक त्याच्या मोबाइलमध्ये आहे. तो त्याने दोनदा लावला, असे त्यानेच सांगितले. मोबाइलही साधा, बटणांचा आहे. तो बदलायचा निर्णय त्याचा, डॉक्टरांचा नव्हे.

आई घरातल्या कालनिर्णयाच्या चौकोनात, जिथे पूर्वी दुधाचा हिशेब लिहीत असे, तिथे त्याच्या झोपेचे तास लिहिते. पाचच्या खाली आकडा सलग दोन रात्री आला की ती माझ्याकडे येते. गेल्या गणपतीत एकदा आली होती. त्या वर्षी मंडळाने त्याला रात्री अकरानंतरच्या घरांना न्यायचे नाही असे ठरवले, आणि यावरून मंडळात भांडण झाले, कारण रंग त्यानंतरच चढतो. दोन माणसे मंडळ सोडून गेली.

काकांशी बोलणे बंद आहे. चॅनेलचा कागद एका वकिलाने पाहिला. जुन्या चित्रफिती काढून घेता येत नाहीत. मांडवातली क्लिप अजून आहे, आणि तिच्या खाली अधूनमधून कोणीतरी काहीतरी लिहिते. त्याच्या वादनाविषयी विचाराल तर उजवा हात पूर्वीइतका चपळ नाही, लग्गीत तो आता दुसऱ्या एका मुलाला पुढे बसवतो. संथ लय मात्र परत आली आहे. गेल्या एकादशीला त्याने एका चरणावर सलग तीन आवर्तने निव्वळ ठेका ठेवला आणि बुवांनी मान न वळवता डावा हात उचलून त्याला दाद दिली.

पुढच्या महिन्यात देवळात सप्ताह आहे. पहाऱ्यांची, म्हणजे अखंड भजनाच्या पाळ्यांची, वाटणी करायला बसलो तेव्हा मी सवयीने त्याचे नाव पहाटे दोन ते चारच्या पहाऱ्याला लिहिले, कारण तो पहारा धरायला चांगला पखवाजवाला लागतो. त्याने वही ओढून घेतली, नाव खोडले आणि संध्याकाळी सहा ते आठच्या रकान्यात लिहिले. कणीक पाच वाजताच मळून ठेवतो, असे तो म्हणाला. पावसाची हवा आहे, दोन थेंब कमीच लागतील.